फुलबाबांचं नाव

लग्नाला तीन महिने झाले तेव्हा मी आणि दुर्गेशने महाबळेश्वरला जायचं ठरवलं. हॉटेल ठरलं, रेल्वेची तिकिटं निघाली, मी दोन नवे ड्रेससुद्धा घेऊन ठेवले. मग एका संध्याकाळी जेवताना दुर्गेशने ही बातमी भीतभीत वडिलांच्या कानावर घातली. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, घास हातातच राहिला.

"तिथी आपला कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. फिरायले जाऊन राहिलो."

"कोनीच नाही?"

"नाही."

"तं मंग जाता कायले?"

मला हसू फुटलं. पण मान वर करून पाहिलं तर मामाजी थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखरचा धक्का बसला होता. ज्या गावात आपल्याला ‘या, बसा’ म्हणणारं एकही माणूस नाही, तिथे पोटच्या पोराने नव्या बायकोला घेऊन झोपायला जायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आम्ही उठून गेल्यावर ते आत्याबाईंना विचारत होते, की पोराचं आपल्याशी काही बिनसलं आहे का.

हे माझे सासरे, केवळराम दोनोडे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींचं वय आता सहासष्ट. आमगावपासून सहा-सात किलोमीटरवर आमचं गाव, चार एकर धानाची शेती. उंचीने बेताचे, आवाजाने मोठे आणि हट्टाने त्याहून मोठे. प्रवास त्यांनी आयुष्यात काही कमी केला नाही. बालाघाट झालं, राजनांदगाव झालं, नागपूर तर कितीदा झालं. पण प्रत्येक ठिकाणी कोणाची तरी बहीण, कोणाचा तरी साडू, काहीच नाही तर गावातल्या कोणाचे तरी व्याही. लॉजची पायरी ते आजवर चढलेले नाहीत. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि ज्या गावची मंडई असते तिथलं घरन् घर पाहुण्यांनी भरून जातं. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, हे मामाजींना तोंडपाठ. त्या पंधरा-वीस दिवसांत ते घरी सापडतील तर शपथ. पिशवीत एक धोतर, एक दुपट्टा, नव्या धानाचे पोहे, की निघाले.

मी तिरोड्याची. वडील तिथल्या वीज प्रकल्पात कामाला होते, माझं लहानपण कॉलनीत गेलं. शेजारी ओडिशाचे, समोरचे बिहारचे, आणि नातेवाईक भेटायचे ते लग्नाच्या हॉलमध्ये, हातात प्लेट घेऊन. कोणी घरी यायचं असेल तर आधी फोन यायचा. त्यामुळे या घरात आले आणि माझे धक्के सुरू झाले.

सर्वांत मोठा धक्का पंधराव्या दिवशी बसला. दुपारची वेळ, घरात मी एकटी. एक उंच, सावळा, वाळलेला माणूस दारातून सरळ आत आला. खांद्यावर लाल गमछा, हातात पळसाच्या पानांची पुडी. खोकणं नाही, हाक नाही, ‘कोणी आहे का’ नाही. तो थेट स्वयंपाकघरात आला, माठातलं पाणी आपल्या हाताने घेऊन प्यायला, पुडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "बोरं होत." मग आतल्या खोलीत जाऊन मामाजींच्या खाटेवर आडवा झाला. दोन मिनिटांत घोरायला लागला.

मी लाटणं हातात घेऊन शेजारी पळाले. शेजारीण धावत आली, तिने खाटेकडे पाहिलं आणि उलट मलाच झापलं.

"अवो, थे तं तुमचे फुलबाबा होत! लाटना कायले उचलून राहिल्या? पाया पडा!"

संध्याकाळी मामाजी शेतातून आले. "जोहार, महापरसाद!" ते अंगणातूनच ओरडले. "जोहार, महापरसाद!" खाटेवरून उत्तर आलं. मग या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना अशी मिठी मारली, की मी कॉलनीत कधी दोन सख्ख्या भावांना मारताना पाहिली नव्हती. आत्याबाईंनी कोंबडा कापायला लावला. रात्रीच्या भाकरी थापताना मी सहज विचारलं, "आत्याबाई, फुलबाबांचं नाव काय?"

त्यांनी माझ्या तोंडावर पिठाचा हात ठेवला. खरंच ठेवला. माझ्या गालावर पाचही बोटं उमटली.

नंतर दुर्गेशने समजावून सांगितलं. इकडची जुनी रीत आहे. जातीने निराळी, गावाने निराळी अशी दोन माणसं देवासमोर एकमेकांच्या तोंडात तांदळाचे पाच दाणे आणि खोबऱ्याचा तुकडा घालतात आणि एकमेकांचे महापरसाद होतात. त्या घडीपासून ते भावाहून जवळचे. त्याच्या घरी लग्न निघालं तर याने नवे कपडे न्यायचे, याच्या घरी कोणी गेलं तर त्याने डोकं भादरायचं. मुलांनी त्याला फुलबाबा म्हणायचं, त्याच्या बायकोला फुलमाय. आणि नियम एकच. नाव घ्यायचं नाही. दोघांनी एकमेकांचं नाव मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. काढलं, की महापरसाद तुटला, नातं संपलं.

"मग तुला तरी माहीत आहे ना त्यांचं नाव?" मी विचारलं.

"मले? नाही."

"आत्याबाईंना?"

"तिले कोण सांगन?"

माझा विश्वास बसेना. तेव्हाच छत्तीस वर्षांचं येणं-जाणं, दुर्गेशच्या बारशाला तो माणूस होता, आमच्या लग्नात इकडच्या मांडवाचा पहिला बांबू त्याने रोवला (लग्नाच्या गर्दीत तो चेहरा माझ्या लक्षात राहिला नव्हता, एवढंच), आणि या घरात कोणाला त्याचं नाव माहीत नाही! मोबाइलमध्येसुद्धा ‘महापरसाद’ एवढंच. मी दोन दिवस तरी चरफडत होते. चुकून म्हणूनही कोणाला विचारावंसं वाटलं नाही, हे मला अडाणीपणाचं वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. मामाजींनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी मऊ आवाजात बोलले.

"सूनबाई, नाव तं साऱ्या गावाले ठाऊक असते. पोलिसाले असते, तलाठ्याले असते. महापरसाद म्हननारा मी एकलाच हाव."

मग त्यांनी ती हकिकत सांगितली. ते चोवीस वर्षांचे असताना गावातल्या दोघांबरोबर बैल घ्यायला चिचगडच्या पुढच्या जंगलपट्टीत गेले होते. वाटेत हिवतापाने फणफणले. बरोबरचे दोघं घाबरून गावाला परतले, ‘माणसं घेऊन येतो’ म्हणाले आणि आलेच नाहीत. जांभूळटोला नावाच्या दहा घरांच्या टोल्यात एका गोंड घराने त्यांना अकरा दिवस ठेवून घेतलं. त्या घरचा त्यांच्याच वयाचा मुलगा रोज त्यांना पाठीवर घेऊन ओढ्यावर न्यायचा, अंग पुसायचा, परत आणायचा. बाराव्या दिवशी बैलगाडीत घालून त्यानेच देवरीच्या दवाखान्यात पोचवलं. त्याच वर्षीच्या महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेत (महाबळेश्वरजवळचा किल्ला नव्हे, आमच्या भागातला महादेवाचा डोंगर) दोघांनी महापरसाद बांधला. तेव्हापासून दरवर्षी महाशिवरात्रीला दोन्ही घरं प्रतापगडला जातात, डोंगराखाली ताडपत्री बांधून दोन दिवस राहतात. हे ऐकल्यावर मी गप्प बसले. महाबळेश्वरला आम्ही गेलो नाही, आणि तेव्हापासून सहा यात्रा मी त्या ताडपत्रीखाली काढल्या.

आता या वर्षीचं सांगते, कारण या वर्षी जे झालं त्याचा हादरा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

दुर्गेशचा चुलतभाऊ मुन्ना याच्याकडे माल वाहायची लहान गाडी आहे. तिच्यात आम्ही सहा जण: मामाजी, आत्याबाई, आम्ही दोघं, आमची पाच वर्षांची खुशी आणि चालवायला मुन्ना. मागे ताडपत्री, बांबू, भांडी, तांदूळ, उपासाची रताळी, गाद्या. देवरी, चिचगड करत आम्ही जांभूळटोल्याला पोचलो, तर फुलमाय रस्त्यातच उभी. फुलबाबांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. आठ दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा डोळा अजून तसाच होता आणि त्याने उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं.

"औंदा नका नेऊ," फुलमाय मामाजींना म्हणाली. "मी बी नाही येत, घरी गाय व्याली हाय. याहिले आपलाच पाय दिसत नाही, तं गर्दीत काय करतीन?"

"मी जातोच," फुलबाबा म्हणाले. "एकही साल चुकवलो नाही."

मामाजींनी फुलबाबांचा हात आपल्या हातात घेतला. "हाताले धरून नेतो, हाताले धरून आनून देतो. तुमी फिकीर नका करू."

"देऊन राहिली तुमाले," फुलमाय म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मामाजींनी शब्द पाळला. गाडीत, ताडपत्रीखाली, नदीवर, सगळीकडे हात हातात. खुशी तर चिडवायला लागली की दोन्ही आजोबांचं लग्न झालं आहे. महाशिवरात्रीच्या सकाळी आम्ही डोंगर चढलो, तेव्हाही मामाजी प्रत्येक पायरीला सांगत होते, "चढा. आता सपाट. आता चढा." दर्शन झालं. दहा वाजता आम्ही उतरायला लागलो.

अर्ध्या वाटेवर एक मोकळी जागा लागते. तिथून खाली यात्रा दिसते, हजारो ताडपत्र्या, धूर, झेंडे. मला खुशीचा फोटो हवा होता. गर्दीत ती बुटकी दिसेना. मी म्हटलं, "मामाजी, खुशीला जरा खांद्यावर घ्या ना."

मुलीला खांद्यावर घ्यायचं तर दोन हात लागतात. मामाजी म्हणाले, "येथीच उभे राहा, महापरसाद." आणि हात सोडला.

मी तीन फोटो काढले. तेवढ्यात वरून महादेवाचा पोहा आला. पोहा म्हणजे त्रिशूळ घेऊन गात येणाऱ्या भक्तांचा जथा. दोनशे माणसं असतील, डफ वाजत होते, सगळे धावत उतरत होते. आम्ही कडेला सरकलो. पोहा गेला. मामाजींनी खुशीला खाली ठेवलं, हात बाजूला केला, आणि तिथे कोणी नव्हतं.

ते तीन फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मी ते उघडत नाही आणि पुसतही नाही.

दोन तास आम्ही शोधलं. दुर्गेश वर गेला, मुन्ना खाली, मी खुशीला घेऊन मधल्या वाटेवर. मामाजी तर त्या मोकळ्या जागेवरून हलायलाच तयार नव्हते, "महापरसाद, ओ महापरसाद" म्हणून ओरडत होते. आणि हाक ऐकून वळणारे म्हातारे थोडे होते काय! या यात्रेत प्रत्येकाचा कोणी ना कोणी महापरसाद. पाच जणांनी ‘ओ’ दिली, त्यांतला आमचा एकही नव्हता. वाटेच्या एका अंगाला कडा आहे, दुसऱ्या अंगाला जंगल. ऊन चढत होतं. तो माणूस आदल्या रात्रीपासून उपाशी होता आणि त्याला दिसत नव्हतं. फोटोची हौस माझी होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं, ते तर जास्तच वाईट होतं.

बाराच्या सुमारास मी मामाजींना ओढतच खाली हरवले-सापडल्याच्या मंडपात आणलं. तिथे माईकवर एक तरुण होता आणि टेबलाशी एक पोलीस मॅडम. छातीवरच्या पाटीवर ‘दुर्गेश्वरी’ असं नाव. त्यांच्यापुढे चार-पाच कागद होते.

माईकवाल्याने आधी वर्णन पुकारलं. जांभूळटोल्याचे वयस्क गृहस्थ, डोळ्यावर हिरवी पट्टी, खांद्यावर लाल गमछा. तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही. "लाल गमछेवाले तो यहाँ हजार हैं, काका," तो म्हणाला. "और भीड़ में इतना लंबा कौन सुनता है? नाम बोलो, नाम. आदमी अपना नाम सुनता है."

दुर्गेश्वरी मॅडमनी कागद पुढे ओढले. "सकाळपासून उपासाने चक्कर येऊन पडलेले एकवीस म्हातारे आहेत. चार ठिकाणी ठेवले आहेत. पाच जणांना गाडीने दवाखान्यात पाठवलं. दोघांची तब्येत बरी नाही. नाव सांगा, मी आत्ता बघते."

दुर्गेशने आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी जमिनीकडे पाहत होते.

"कोण लागतात तुमचे?" मॅडमनी विचारलं.

"महापरसाद," मामाजी म्हणाले.

"हो, पण नाव?"

मॅडम आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, ही माणसं काहीतरी लपवत आहेत.

"मॅडम, आम्हाला त्यांचं नाव माहीत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी माझ्या तोंडून ऐकलं आणि मलाच शरम वाटली. ज्या माणसाच्या हातची बोरं मी दरवर्षी खाते, ज्याच्या मांडीवर माझी मुलगी झोपते, त्याचं मला नाव माहीत नाही!

दुर्गेशने फुलबाबांच्या मुलाला फोन लावला. तो तेलंगणात कामाला असतो, फोन बंद. फुलबाबांचा मोबाइल घरीच राहिला होता आणि जांभूळटोल्याला रेंज नाही. टोल्यातली माणसं पंधरा दिवसांपूर्वीच गोंडांच्या कचारगडच्या जत्रेला जाऊन आली होती, त्यामुळे इथे त्यांच्यातलं कोणी नव्हतं. मुन्ना म्हणाला, मी गाडी घेऊन जातो, फुलमायला विचारून येतो. जाऊन-येऊन तीन तास.

"दुर्गेशच्या बाबाले ठाऊक हाय," आत्याबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. "महापरसाद बांधतेवेरी दोघायचे नाव पुकारतेत. त्याहिले ठाऊक हाय."

आम्ही सगळे मामाजींकडे वळलो. त्यांनी मान हलवली. हो म्हणून नाही. नाही म्हणून.

आणि माझा तोल गेला. मी माझ्या सासऱ्यांवर ओरडले, चारचौघांत, पोलिसांसमोर, आत्याबाईंसमोर. सहा वर्षांत मी त्यांच्यापुढे मोठ्याने खोकलेसुद्धा नव्हते. "तुम्हाला नाव माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही? तो माणूस कुठे पडला असेल, कड्याखाली गेला असेल, आणि तुम्ही रीत सांभाळता? काय माणूस आहात तुम्ही!"

दुर्गेशने माझा दंड धरला. मी तो झटकला.

मामाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "सूनबाई," ते म्हणाले, "त्याहिनं माले अकरा दिवस पाठीवर वाहून नेलं. माह्यापाशी त्याहिले द्यायले दुसरा काहीच नोहतं. हे एकच देल्लो होतो. नाव घेतलो तं थे माहे कोनी नाही राहत."

"आणि नाव नाही घेतलं आणि ते गेले, तर कोण राहील?"

मॅडमनी हळूच पेन पुढे केलं. "काका, बोलू नका. लिहून द्या."

"माले माही सही येते, बाई. दुसरा काही लिहता येत नाही."

मग ते टेबलाला वळसा घालून मॅडमजवळ गेले. वाकले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं. आम्हाला काही ऐकू आलं नाही, फक्त त्यांचे ओठ दोनदा हललेले दिसले. आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि मटकन खाली बसल्या. मॅडमनी एकेक कागद बोट फिरवत वाचला, मग दवाखान्यात फोन लावला, मग दुसऱ्या दवाखान्यात. मामाजी त्यांच्या बोटाकडे पाहत उभे होते.

"नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "या नावाचं कोणी नाही."

मी आयुष्यात असं तोंड पाहिलेलं नाही. बेचाळीस वर्षं सांभाळलेली एकच गोष्ट त्यांनी मोडली होती आणि तिचा काहीच उपयोग झाला नव्हता. मला वाटलं, हे आता इथेच कोसळतात. मी पुढे झाले, पण त्यांनी मला हाताने थांबवलं आणि माईककडे गेले.

"मुझे बोलो, काका, मैं पुकारता हूँ," माईकवाला म्हणाला.

"नाही. दुसऱ्याच्या तोंडून कायले? मोडलो मी, मीच पुकारतो."

त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. आधी नुसता श्वासच सगळ्या यात्रेत ऐकू गेला. मग त्यांचा आवाज आला, शेतातून बैलांना हाकारतात तसा मोठा आणि उघडा.

"बिसराम! बिसराम टेकाम! मी केवळराम बोलून राहिलो. जिथी असान तिथून या, बिसराम!"

असं तीनदा. तिसऱ्यांदा आवाज फाटला. मी तिथे उभी राहून ते नाव ऐकत होते. इतकं साधं नाव. मला काय अपेक्षा होती कोण जाणे.

दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. गर्दी बाजूला सारत एक अनोळखी बाई आली आणि तिच्या हाताला धरून फुलबाबा. ते चालत नव्हते, पळत होते, ठेचकाळत होते. गमछा कुठेतरी पडला होता. चेहरा राखेसारखा. त्या बाईने सांगितलं, की पोह्याच्या रेट्यात ते खालपर्यंत ढकलले गेले, मग तिच्या ताडपत्रीशी येऊन बसले आणि ‘माहे महापरसाद येतीन’ एवढंच म्हणत राहिले. गडबडीत पुकारा कोणी नीट ऐकला नव्हता. पण आत्ता एकदम ताडकन उठले.

"कोन गेला?" फुलबाबा मोठ्याने विचारत होते. "महापरसाद, कोन गेला? पोरगी कोटी हाय? खुशी! खुशी!"

ते हवेत हात फिरवत होते. खुशी घाबरून माझ्या मागे लपली होती, मी तिला पुढे ढकललं. त्यांनी तिचं डोकं चाचपलं, गाल चाचपले, वेणी चाचपली. मग तिथेच मातीत बसून रडायला लागले. आता कळलं. मामाजींच्या आवाजात आपलं नाव ऐकल्यावर या माणसाला एकच अर्थ लागला होता. घरातलं कोणीतरी मेलं आहे. त्याशिवाय केवळराम नाव घेणारच नाही. आणि मामाजींनी हात सोडला तो खुशीसाठी, म्हणून खुशीच. पट्टी बांधलेल्या डोळ्याने हा म्हातारा तेवढी वाट हे मनात घेऊन पळत आला होता.

"कोनी नाही गेला," मामाजी म्हणाले. "सारे हाव. तुमीच सापडत नोहते."

फुलबाबांचं रडणं थांबलं.

"मी सापडत नोहतो?" ते म्हणाले. "मी तं बसलो होतो. रात भी बसलो असतो. तुमी आलेच असते." मग त्यांनी विचारलं, "नाव काऊन घेतला?"

मला वाटलं आता मी बोलावं, माझी चूक सांगावी, फोटोचं सांगावं. तोंड उघडलंसुद्धा. मामाजींनी मला बोलू दिलं नाही.

"भेवलो मी," ते म्हणाले. "तुमच्याइतका भरवसा नाही राहला माह्यात. तुटला माह्या हातानं."

ते फुलबाबांसमोर खाली बसले, मान खाली घालून. सहासष्ट वर्षांचा हट्टी माणूस, सगळ्या यात्रेसमोर, मार खायला बसलेल्या पोरासारखा. आत्याबाई हुंदके देत होत्या. दुर्गेश्वरी मॅडमनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दुसरीकडे बघायला लागल्या. मी रडत होते, हे मला खुशीने सांगितल्यावर कळलं.

फुलबाबांच्या पट्टीखालून पाणी गळत होतं, ते त्यांनी मनगटाने पुसलं. मग अगदी हळू, जीभ अडखळत, नवं अक्षर शिकणाऱ्यासारखे ते म्हणाले, "केवळराम."

मामाजींनी झटकन मान वर केली. "कायले? तुमी कायले मोडता?"

"मंग तुमी एकलेच पापी राहता का?" फुलबाबा म्हणाले. "आता दोघंही सारखे. केवळराम." त्यांनी पुन्हा म्हटलं, चव घेतल्यासारखं. "चांगला नाव हाय जी. बेचाळीस साल पोटात ठेवलो."

मामाजींना हसू आलं का रडू, मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं. आमच्याभोवती बघ्यांचा घोळका जमला होता, माईकवाला माईक बंद करायचा विसरला होता, आणि दोन म्हातारे मातीत समोरासमोर बसले होते, आता एकमेकांचे कोणीच नसलेले.

फुलबाबा थोडे पुढे सरकले. मामाजींचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून आवाजाच्या दिशेने तोंड केलं. यात्रेत शेजारच्या ताडपत्रीतल्या अनोळखी माणसाला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "तुमी कोन गावचे होत, केवळराम?"

मामाजींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि नीट मांडी घालून बसले.

"आमगावकडचा," ते म्हणाले. "आन् तुमी, बिसराम?"